किलोमीटर कुठून मोजायचा?

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षण हक्काच्या नियमांत एक दुरुस्ती केली. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेवर वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याची सक्ती राहणार नाही, असा तिचा मथितार्थ. कर्नाटकाने २०१९ मध्ये हीच वाट धरली होती. मुंबई-पुण्यात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा किलोमीटरभरात नाही अशी जागा मुद्दाम हुडकावी लागते. त्यामुळे अपवाद म्हणून आलेली ही ओळ बघता बघता नियमच होऊन बसली, आणि ज्या शाळांसाठी पालक अर्ज भरत होते त्याच यादीतून गळाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी तिला स्थगिती दिली, १९ जुलै रोजी ती रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हात घालायला नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे मिटला. त्या दुरुस्तीने मोजमापाची जी तऱ्हा आणली, तिचा विचार मात्र न्यायालयाच्या निकालाने संपत नाही. शाळेच्या कायद्यांत अंतर नेहमी मुलाच्या घरापासून शाळेपर्यंत मोजले गेले होते. इथे टेपचे एक टोक एका शाळेच्या फाटकाला लावले, दुसरे टोक दुसऱ्या शाळेच्या फाटकाला. या मोजणीत मूल कुठेच नव्हते.

शाळेच्या जागा आधी आसपासच्या मुलांना द्याव्यात की सगळ्या शहराला दार सारखेच खुले ठेवावे, हा वाद आपल्याकडे दर वर्षी प्रवेशाच्या हंगामात उगवतो आणि जूनच्या पहिल्या पावसात विरून जातो. दोन्ही बाजूंचे म्हणणे ठरलेले असते. एक बाजू म्हणते, लहान मुलाला चालत जाता येईल अशी शाळा हवी. दुसरी म्हणते, मूल कोणत्या गल्लीत जन्मले यावरून त्याची शाळा ठरू नये. दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणूनच वाद सुटत नाही. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उलगडला, तर दिसते की ‘जवळचा आधी’ हा नियम कधी मुलांच्या उपयोगी पडला, कधी त्यांना अडवायला. आणि ‘सर्वांना खुले’ या नियमाचेही तसेच. नियमाचे नाव काय यापेक्षा अंतराचा खर्च कोणाच्या माथी पडला, यावर दर वेळी निकाल ठरला. तो खर्च मुलाने सोसला तिथे दोन्ही नियम अन्यायाचे झाले. शाळेने, संस्थेने किंवा सरकारने सोसला तिथे दोन्ही नियमांनी मुलांना शिकवले. हा हिशेब लक्षात घेतला की वादाचे रूपच बदलते.

अंतर कायद्यात पहिल्यांदा शिरले ते पालकाची सबब म्हणून. इंग्लंडच्या १८७० च्या शिक्षण कायद्याने स्थानिक शाळा-मंडळांना हजेरीची सक्ती करण्याची मुभा दिली. जवळच्या रस्त्याने मोजून तीन मैलांपर्यंत मंडळ ठरवील त्या अंतरात शाळा नसेल, तर मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला दोषी धरायचे नाही, अशी सोयही त्याच कायद्यात होती. हिंदुस्थानात सक्तीचा पहिला प्रयोग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक पुढच्या वर्षी कायदेमंडळात पडले. मुंबई प्रांताला विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ मध्ये मिळाला. या काळातल्या सक्तीच्या कायद्यांत शाळा फार लांब असणे ही रास्त सबब मानली जाई. वरवर ही सवलत मामुली दिसते, पण तिच्यात एक कबुली होती. मुलाला शाळेत पाठवण्याचे कर्तव्य पालकाचे असले तरी, शाळा पायाखालच्या वाटेवर नसेल तर दोष पालकाचा नाही. मात्र दोष कोणाचा, याचे उत्तर कायदा देत नव्हता. शाळा नसलेल्या गावाचा पालक दंडातून सुटे. त्याचे मूल मात्र शाळेविना राही. मुंबई शहरात १९२५ मध्ये सक्ती सुरू झाली ती एफ आणि जी या दोन वॉर्डांत, म्हणजे गिरण्यांच्या आणि कामगारवस्तीच्या भागात. सक्तीची हद्द वॉर्डाच्या रेषेने ठरली. एका वॉर्डातले मूल शाळेला बांधील आणि रेषेपलीकडचे मोकळे, असा प्रकार तेव्हाही होता.

शाळा जवळ असली तरी ती आपली असतेच असे नाही, हे मराठी मुलखाला कोणी वेगळे शिकवायला नको. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळा त्याच्याच गावातली, सरकारी पैशावर चालणारी. मुंबई सरकारने न्याय त्याच्या बाजूने असल्याचे मान्य केले, आणि तरीही प्रवेश नाकारला. एकासाठी दार उघडले तर बाकीची मुले शाळा सोडतील, हे कारण. १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांचा खलिता आला, की सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. कागदावर दार उघडले ते असे. त्यानंतर चोवीस वर्षांनी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. महार-मांगांच्या मुलांना इतरांशेजारी बसू देत नाहीत म्हणून सरकारने त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या, पण त्या फक्त मोठ्या गावांत. खुद्द पुण्यात पाच हजारांवर वस्तीमागे एकच शाळा आणि तिची हजेरी तीस मुलांच्याही आत, असे त्यांनी नोंदवले. खुल्या शाळेत शेजारी बसायला जागा नव्हती आणि हक्काची वेगळी शाळा पायांच्या टप्प्यात नव्हती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव घातलेल्या भीमरावाला वर्गात वेगळे बसावे लागले, घरून आणलेल्या गोणपाटावर. घरापासून शाळेचे अंतर मैलात मोजता येते. त्या गोणपाटाचे अंतर मोजायचे माप कोणत्याही कायद्याकडे नव्हते.

हा इतिहास ‘शेजार’ या शब्दाकडे नीट बघायला लावतो. आपल्याकडे शेजार ही नुसती भूगोलाची गोष्ट कधीच नव्हती. गावात गावठाण वेगळे आणि महारवाडा, मांगवाडा वेगळे. शहरात पेठा, आळ्या, वाड्या, पुढे चाळी आणि सोसायट्या. घर कुठे मिळते हे जात, धर्म आणि पैसा ठरवत आले. म्हणून शेजाऱ्याला प्राधान्य देणारा नियम भोळेपणाने लावला, तर घराच्या भाड्यात किंवा आडनावात दडलेला भेद तो शाळेत जसाच्या तसा नेऊन ठेवतो. शाहू महाराजांना हे कळले होते. कोल्हापूर संस्थानात त्यांनी १९१७ मध्ये सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. पहिल्या हुकमाने शाळा जवळ आणली, दुसऱ्याने जवळची शाळा एकच केली. हे दोन हुकूम एकत्र वाचायला हवेत. पहिला एकटा राहिला असता, तर प्रत्येक वाड्याला आपापली शाळा मिळाली असती आणि प्रत्येक वाडा आपापल्या जागी राहिला असता. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतलेल्या ठरावात सार्वजनिक पाणवठ्यांच्या जोडीने सार्वजनिक शाळाही होत्या. पाण्याची आणि अक्षराची वाट एकाच ठरावात यावी, हे त्या काळातल्या शेजाराचे खरे चित्र आहे.

दुसरी बाजू खुल्या प्रवेशाची. माध्यमिक शाळा विसाव्या शतकाच्या आरंभी तालुक्याला असली तर असे, नाही तर जिल्ह्याच्या गावी. कागदोपत्री तिथे सगळ्या जिल्ह्यातली मुले जाऊ शकत होती. प्रत्यक्षात ज्याचे नातेवाईक त्या गावात होते किंवा ज्याला खानावळीचे पैसे परवडत होते तोच जाऊ शके. माधुकरी मागून शिकणाऱ्या ब्राह्मण मुलाला दारे तरी ठाऊक होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या मुलाला ती वाट नव्हती. हे ओळखून महाराष्ट्राने स्वतःचा एक उपाय शोधला: वसतिगृह. शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे करायला हात दिला, त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाची बोर्डिंगे निघाली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू केले. तिथली मुले एका पंगतीला बसत, स्वतः राबत, आणि शहरातल्या शाळेत शिकत. वसतिगृहाने केले काय? सातारच्या शाळेचे दार पाटण-वाळव्याच्या मुलाला कायद्याने आधीच खुले होते. भाऊरावांनी त्या दारापर्यंतच्या वाटेचा खर्च मुलाच्या बापाकडून काढून संस्थेकडे घेतला. त्यासाठी धान्य गोळा केले, देणग्या मागितल्या. खुला प्रवेश खरा झाला तो तिथे.

स्वातंत्र्यानंतर हे ओझे सरकारने उचलायचे ठरले. १९५७ च्या पहिल्या अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षणाने देशभरातल्या वाड्यावस्त्यांची मोजदाद करून कोणत्या वस्तीला चालण्याच्या टप्प्यात शाळा आहे आणि कोणत्या नाही, याचा पहिला हिशेब मांडला. प्राथमिकसाठी एक किलोमीटर, उच्च प्राथमिकसाठी तीन, ही पुढे रूढ झालेली मापे या मोजदादीच्या परंपरेतली. अंतर आता पालकाची सबब उरले नाही, सरकारचे देणे बनले. त्यावर कळस चढवला तो १९६४ मध्ये नेमलेल्या कोठारी आयोगाने. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. जून १९६६ च्या अहवालात ‘परिसर शाळा’ मांडली गेली: परिसरातली सगळी मुले, जात, धर्म, पैसा, प्रतिष्ठा काहीही असो, एकाच शाळेत जातील. आयोगाने कारणे दोन दिली. सामान्यांच्या मुलांसोबत वाढणे हा चांगल्या शिक्षणाचाच भाग आहे, हे पहिले. दुसरे अधिक व्यवहारी: ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांची मुले सार्वजनिक शाळेत असली, की ते त्या शाळेची काळजी घेतील. या दुसऱ्या कारणात आयोगाची खरी नजर दिसते. परिसराचा नियम गरिबाच्या मुलाला बांधून ठेवण्यासाठी मांडलेलाच नव्हता. साहेबाच्या मुलाला परिसरात थांबवण्यासाठी तो होता.

१९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने समान शाळेचे तत्त्व स्वीकारले, पुढच्या धोरणांनी त्याचा पुनरुच्चार केला, आणि अंमलात मात्र अर्धाच नियम आला. जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळा परिसराच्या झाल्या, वाडीवस्तीपर्यंत गेल्या, महाराष्ट्रात २००० च्या सुमारास वस्तीशाळाही निघाल्या. खासगी शाळांना, अनुदान घेणाऱ्यांनाही, कोणता परिसर सांभाळायचा हे कोणी सांगितले नाही. त्यांनी मुलाखती घेतल्या, चाचण्या घेतल्या, पालकांचे शिक्षण विचारले आणि अख्ख्या शहरातून मुले निवडली. शहरांत दोन रांगा तयार झाल्या. एका रांगेत ‘जवळची शाळा’ हा नियम होता आणि दुसरीत ‘ज्याला जमेल त्याला कुठलीही शाळा’. ज्यांच्या आवाजाने पालिकेची शाळा सुधारली असती, ते लोक स्कूलबसमध्ये मुले बसवून परिसराबाहेर गेले. आज सरकारी शाळांचा पट घसरल्याबद्दल शिक्षकांना दोष देण्याची चाल आहे. काही दोष तिथेही असेल. पण परिसराचा नियम फक्त गरिबांवर लागू झाल्यामुळे त्या शाळांमागे बोलणारा माणूस उरला नाही, ही आयोगाने आधीच वर्तवलेली गोष्ट पटाच्या आकड्याआड दडून जाते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने हा तुटलेला धागा थोडा जोडला. तिसऱ्या कलमाने मुलाला परिसरातल्या शाळेचा हक्क दिला, सहाव्याने शाळा उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, तेराव्याने प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद केल्या, आणि बाराव्याने खासगी शाळांना सांगितले, की तुमच्या परिसरातल्या वंचित मुलांसाठी पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा ठेवा. कोठारींनी मागितले होते त्याच्या मानाने हे चतकोरच, पण परिसर हा शब्द प्रथमच श्रीमंतांच्या शाळेला लावला गेला. महाराष्ट्रात त्याचे ऑनलाइन अर्ज आणि सोडत सुरू झाली: आधी एक किलोमीटरच्या आतले, मग एक ते तीन, मग त्यापलीकडचे. नकाशावर घर दाखवायचे, रहिवासी पुरावा जोडायचा, भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार द्यायचा. इथे जवळिकीच्या नियमाची एक उणीव उघडी पडते. ज्यांच्यासाठी ही जागा आहे त्यांच्यातच कागदावर पत्ता नसलेले, खोली बदलणारे, तोंडी भाड्यावर राहणारे लोक सर्वांत जास्त. घर कुठे आहे हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर; शाळा कुठे आहे हे सिद्ध करण्याचा भार कोणावरच नाही. तरीही या नियमात टेपचे टोक मुलाच्या उंबरठ्याला लावलेले होते. २०२४ च्या दुरुस्तीने ते तिथून काढले.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप निवडीच्या स्वातंत्र्याचा. दिल्लीत डिसेंबर २०१३ मध्ये नायब राज्यपालांच्या आदेशाने खासगी शाळांच्या नर्सरी प्रवेशात शंभरपैकी सत्तर गुण परिसराला दिले गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पालकाला शाळा निवडण्याचा आणि शाळेला आपले प्रवेश ठरवण्याचा अधिकार असतो, हा त्या निकालाचा गाभा. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. चांगल्या शाळा शहरभर सारख्या पसरलेल्या नसतात. परिसर सक्तीचा केला तर ज्या परिसरात चांगली शाळा नाही तिथले मूल अडकते. महाराष्ट्राने याचाच एक धडा वैद्यकीय प्रवेशात घेतला आहे. सत्तर टक्के जागा आपल्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के राज्यभराला, ही पद्धत मराठवाडा-विदर्भाच्या संरक्षणासाठी म्हणून बरीच वर्षे चालली; पण मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी, म्हणून तिथल्याच विद्यार्थी-पालकांनी ती आपल्या मुळावर आल्याची तक्रार केली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द झाली. कुंपणाच्या आत काय पेरले आहे त्यावर कुंपणाची किंमत ठरते. पण या धड्याची दुसरी बाजूही आहे. पुण्याच्या नावाजलेल्या शाळेचे दार अख्ख्या शहराला खुले केले, तर हडपसरच्या वस्तीतले मूल तिथे पोहोचणार कसे? बसचे पैसे, सकाळची वेळ, सोडायला-आणायला मोकळा असलेला माणूस, अर्ज कधी निघतो याची खबर, हे ज्याच्याकडे आहे त्यालाच शहर खुले असते. बारावीनंतरचा अठरा वर्षांचा विद्यार्थी लातूरहून मुंबईला जाऊन राहू शकतो. सहा वर्षांचे मूल दोन बस बदलू शकत नाही. म्हणून उच्च शिक्षणात खुल्या प्रवेशाकडे झुकणे रास्त आणि पहिलीत जवळिकीकडे झुकणे रास्त. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे, फक्त अंतर पेलण्याची ताकद वयाप्रमाणे बदलते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: परिसरच विभागलेले असतील तर परिसर शाळा विभागणी पक्की करील. अमेरिकेचा इतिहास या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो. टोपेका गावातल्या लिंडा ब्राउनच्या घराजवळ गोऱ्यांची शाळा होती आणि तिला बसने लांबच्या काळ्यांच्या शाळेत जावे लागे. १९५४ चा ब्राउन निकाल एका अर्थी जवळच्या शाळेची मागणी होती. पुढे शहरांतली वस्तीच वर्णाप्रमाणे वाटली गेलेली असल्यामुळे न्यायालयांनी मुलांना बसने दुसऱ्या भागात नेण्याचे आदेश दिले. १९७१ च्या शार्लटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. १९७४ मध्ये बॉस्टनमध्ये त्याविरुद्ध रस्त्यावर लोक उतरले तेव्हा घोषणा कोणती होती? आमची शेजारची शाळा आम्हाला ठेवा. वीस वर्षांत तोच शब्द एका बाजूकडून दुसरीकडे गेला. आपल्याकडे मात्र शहराची घडण थोडी वेगळी आहे. धारावीला लागून माटुंगा-माहीम आहे, पुण्यात जनता वसाहत पर्वतीच्या पायथ्याला आहे आणि तिच्या आजूबाजूला मध्यमवर्गाच्या सोसायट्या. इथे श्रीमंत आणि गरीब एकमेकांपासून मैलोगणती दूर राहत नाहीत. मोलकरीण, वॉचमन, भाजीवाला एकाच किलोमीटरात राहतात. म्हणून एक किलोमीटरचे वर्तुळ आपल्या जुन्या शहरांत सरमिसळ घडवू शकते, जर ते सगळ्या शाळांना लावले तर. नव्या उपनगरांत, जिथे कुंपणाच्या आत टॉवर आणि टॉवरच्या आतच शाळा असा प्रकार आहे, तिथे हे वर्तुळ पुरणार नाही. तिथे हद्द कुंपण ओलांडून आखावी लागेल. परिसर हा निसर्गाने दिलेला नसतो, कोणी तरी आखलेला असतो. कोण आखतो आणि कुठून कुठपर्यंत, हे सार्वजनिक चर्चेत ठरले पाहिजे.

तिसरा आक्षेप भाषेचा. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांत शाळा चालवते. कन्नड घरातल्या मुलाची शाळा त्याच्या गल्लीत असेलच असे नाही, आणि ‘जवळ पडेल तिथे जा’ म्हणणे म्हणजे त्याला मातृभाषा सोड म्हणणे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. परिसर हे मुलाला मिळणारे किमान आश्वासन असावे, त्याच्यावर घातलेली कमाल मर्यादा नसावी. ज्या मुलाला दुसऱ्या भाषेची, खास गरजेची किंवा वेगळ्या अभ्यासक्रमाची शाळा हवी, त्याला परिसराबाहेर जाता आले पाहिजे, आणि त्या जाण्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीने उचलला पाहिजे. शाळेने मात्र ‘माझा परिसर नाही’ म्हणून जवळच्या मुलाला परत पाठवू नये. हक्क मुलाचा असेल तर मूल त्याचा उपयोग करील किंवा सोडून देईल. शाळेला तो सोडून देण्याची मुभा नसावी. पहिलीच्या वर्गाला हे सूत्र लावले, तर जवळिकीचा नियम आणि खुल्या प्रवेशाचा नियम यांत भांडणाचे कारण फार थोडे उरते.

चौथा आक्षेप हल्ली शासनाच्याच तोंडी आहे. वाडीवस्तीच्या हट्टापायी पाच-सात मुलांच्या शाळा उरल्या. तिथे ना खेळ, ना ग्रंथालय, ना बरोबरीची मुले. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक भरली आणि त्यांच्या जागी समूहशाळांचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे दिली गेली. या म्हणण्यात शिक्षणाचा मुद्दा आहे: दोन शिक्षक आणि सहा मुले यांच्यात शाळेचा जीव येणे अवघड. पण इथेही तीच कसोटी लावून बघावी. शाळा पाच किलोमीटरवर नेली आणि दारात रोज, पावसाळ्यातही, गाडी आली, तर अंतर सरकारने सोसले. गाडी दोन महिने आली आणि मग डिझेलचे बिल थकले, तर ते अंतर मुलीने सोसले, आणि बहुतेक वेळा तिने शाळा सोडली. शिक्षण हक्काच्या नियमांतच दुर्गम वस्तीसाठी वाहतुकीची तरतूद आहे. समूहशाळेला विरोध करायचे कारण नाही. आधी गाडी, मग कुलूप, हा क्रम मात्र उलटा होता कामा नये. भाऊरावांनी साताऱ्याच्या शाळेत मुले पाठवण्याआधी राहायची जागा केली होती.

या कसोटीवर २०२४ ची दुरुस्ती पुन्हा ठेवून पाहावी. तिच्या बाजूचा युक्तिवाद हिशेबाचा होता: जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेच्या फीची भरपाई सरकारने का करावी? वरवर पाहता यात पैशाची काटकसर आहे, सरकारी शाळेला मुले मिळण्याची आशाही आहे. पण पट वाढवायचाच होता, तर कोठारींनी सांगितलेला उपाय होता: परिसरातल्या सगळ्यांची मुले त्या शाळेत. दुरुस्तीने तो धरला नाही. तिने साहेबाच्या मुलाला त्याच किलोमीटरात हवी ती शाळा मोकळी ठेवली, आणि रिक्षावाल्याच्या मुलाला सांगितले, की तुझ्यासाठी शाळा जवळ आहे ना, मग झाले. परिसराचा नियम पुन्हा एकदा फक्त एकाला लावला गेला. १८७० मध्ये अंतर पालकाची ढाल होते. १९५७ नंतर सरकारवरचे देणे झाले. २००९ मध्ये मुलाचा हक्क झाले. २०२४ मध्ये काही महिने ते शाळेची सबब झाले. दीडशे वर्षांपूर्वी ‘शाळा लांब आहे’ म्हणून सुटका मागणारा गरीब बाप होता. या वेळी ‘शाळा जवळ आहे’ म्हणून सुटका मागणारी श्रीमंत शाळा होती. न्यायालयाने ती सबब नाकारली, पण ती पुन्हा दुसऱ्या शब्दांत येईल, कारण तिच्यामागचा हिशेब मिटलेला नाही. ती आली की तपासायची गोष्ट फार अवघड नाही. कोणताही प्रवेशाचा नियम हातात घ्यावा, मग तो जवळिकीचा असो की खुल्या दाराचा, आणि विचारावे: यात टेपचे एक टोक मुलाच्या उंबरठ्याला लागले आहे का, आणि तिथून शाळेपर्यंतची वाट कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या पायांनी चालायची आहे? शाहूंच्या दोन हुकमांना, भाऊरावांच्या बोर्डिंगला आणि कोठारी आयोगाच्या परिसर शाळेला हे प्रश्न विचारले तर उत्तर मिळते. दोन फाटकांमधले अंतर मोजणाऱ्या दुरुस्तीकडे ते नव्हते.